शंभर किलोमीटरच्या राईडला जेल न घेता दीडशे रुपयांत काय खायचं?

भावा, तुझं म्हणणं थोडक्यात असं की नेहमी पन्हाळा, ज्योतिबा करतोस, यावेळी पहिल्यांदाच कोल्हापूर ते गगनबावडा जाऊन-येऊन ११० किलोमीटर धरलंस, जाताना एकदम झकास गेलास, पण येताना साळवण सोडल्यावर पायातला जीव गेला, हात थरथरायला लागले आणि कळे गावात एका दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिलास. सोबत खाऱ्या शेंगदाण्याचं पाकीट, मूठभर बदाम, एक प्रोटीन बार आणि दोन बाटल्या साधं पाणी. एनर्जी जेल, म्हणजे सायकलवर गिळायच्या गोड पाकाचं छोटं पाकीट, शंभर-सव्वाशेला एक, तसली पाच-सहा लागणार, ती परवडत नाहीत, मग डी-मार्ट नाहीतर वारणा बझारमधून दीडशे रुपयांत काय घेऊ, असं विचारलंयस. मी बरीच वर्षं लांबच्या राईड आणि बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड) करतोय आणि आमच्या ग्रुपमध्ये नवीन पोरांच्या खाण्याचं बघायचं काम माझ्याकडंच असतंय, त्यामुळं हे जरा सविस्तर लिहितो.

स्वस्त काय मिळतंय हा प्रश्न अवघड नाही, कोल्हापुरात तर अजिबातच नाही. तुझा खरा प्रश्न वेगळा आहे. तू उपाशी नव्हतास, पिशवीत खायला होतं, कॅलरी बघितल्या तर भरपूर होत्या, तरी पण गाडी बंद पडली. म्हणजे दर तासाला पोटात कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, किती गेलं आणि चालत्या सायकलवर पोटाला ते पटकन पुढं ढकलता आलं का, हे बघायला पाहिजे. शेंगदाणे घे उदाहरणाला. १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी, पण त्यात कार्ब फक्त १६ ग्रॅमच्या आसपास, आणि जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. बदामाचं पण तेच. प्रोटीन बार तर नावातच सांगतोय की मी प्रोटीनसाठी आहे. हे सगळं चांगलं खाणं आहे, घरी रोज खा, पण तीन तास पॅडल मारलेल्या पायांना त्या वेळी जे पाहिजे ते त्यात नाही.

का नाही ते सांगतो. आपल्या स्नायूत आणि लिव्हरमध्ये मिळून ग्लायकोजेन म्हणून साठवलेलं कार्ब साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतंय, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. नीट जोर लावून सायकल चालवली तर तासाला ४०० ते ६०० कॅलरी सहज जातात. त्यातला काही भाग चरबीतून येतो, पण जितका वेग वाढवशील, चढाला जितका जोर लावशील तितकं कार्ब जास्त जळतं. बाहेरून काही घातलं नाही तर साधारण तीन-साडेतीन तासांनी साठा तळाला लागतो, आणि तुझा हिशोब लाव बघू, वीस-बावीसच्या ॲव्हरेजनं साळवण परत येताना किती वेळ झाला असेल. बरोबर तिथंच. चरबी तर अंगात भरपूर शिल्लक असतीय पण ती हळू जळते, आणि लिव्हरमधला साठा संपला की रक्तातली साखर खाली येते, म्हणून हात थरथरतात, डोकं जड होतं, उगीचच राग येतो, थंडी वाजल्यासारखं होतं. गुऱ्हाळावर चुलवाणाजवळ बसलेला माणूस चिपाड कसं थोडं थोडं पण सारखं टाकत असतो, जाळ मंद झाला की मग एकदम ढीग घालत नाही, तसं राईडवर खायचं असतंय.

आता किती. एक ते अडीच तासाच्या राईडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, असं स्पोर्ट्स न्यूट्रिशनवाले सांगतात, आणि त्याहून लांब आणि जोरात असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून लागतात, कारण आतड्यातून ग्लुकोज आत घ्यायची वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरून जाते आणि फ्रुक्टोजची वाट वेगळी असते. आपली साधी साखर निम्मी ग्लुकोज निम्मी फ्रुक्टोजच आहे, गुळातही मुख्य साखर तीच, त्यामुळं ह्यासाठी महाग पावडर आणायची गरज नाही. पण ९० हा आकडा बघून लगेच उडी मारू नको, पोटाला सवय नसेल तर मळमळेल. तू तासाला ४०-४५ वर सुरू कर. दीड तासाच्या आतली छोटी राईड असेल तर काही नाही खाल्लं तरी चालतं, घरी येऊन नाश्ता कर.

काही गोष्टी तुझ्यावर अवलंबून आहेत आणि त्या तू लिहिल्या नाहीस. वजन, वेग, किती घाम येतो, सकाळी काय खाऊन निघालास. अजून एक, जाताना ‘एकदम झकास’ गेलास म्हणजे कदाचित जरा जास्तच दाबून गेलास. पहिल्या दोन तासात पार धाप लागेपर्यंत हाणलं असेल तर साठा लवकर संपणारच, मग खाणं कितीही बरोबर असू दे. पहिले पन्नास किलोमीटर शेजारच्याशी अखंड वाक्यात बोलता येईल एवढ्याच जोरात चालव. आणि डायबेटीस असेल नाहीतर बीपीची गोळी चालू असेल तर पुढं जे साखर-मिठाचं सांगतोय ते डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नको.

दुकानात गेलास की पाकिटाची पुढची बाजू बघू नको, उलटं कर. प्रति १०० ग्रॅमचा तक्ता असतो, त्यात कार्बोहायड्रेट ६५-७० च्या वर, फॅट १५ च्या खाली आणि फायबर कमी असेल तर ते राईडचं खाणं. डायजेस्टिव्ह, मल्टीग्रेन, ओट्स, शुगर फ्री असलं काही लिहिलेलं असेल तर ते ऑफिसच्या डब्यासाठी ठेव. फॅट, फायबर आणि प्रोटीन तिन्ही पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, घरी बसल्यावर तो फायदा असतोय, सायकलवर तोटा.

ह्या हिशोबात सगळ्यात चांगला बसतो तो पाच रुपयाचा पार्ले-जी. १०० ग्रॅमला ७५ च्या वर कार्ब, फॅट १३ च्या आसपास, आणि कुठल्याही खेड्यातल्या टपरीवर मिळतो, त्यामुळं संपला तरी काळजी नाही. अडचण एकच, कोरडा आहे, चढावर तोंडात घातला आणि श्वास लागला तर घशात अडकतो. थांबलास की खा, नाहीतर सपाट रस्त्यावर, पाण्याबरोबर. क्रीमची बिस्किटं, बटर कुकीज नको, फॅट वाढतं आणि उन्हात क्रीम वितळून सगळा चिकचिकाट होतो.

केळं तर आहेच. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कार्ब, वेलची केळं घेतलंस तर त्याच्या निम्मं धर. पिवळं आणि थोडे ठिपके पडलेलं घे, हिरवट घेतलंस तर त्यात स्टार्च जास्त असतो आणि पोटाला जड पडतं. केळ्यावर चांगला अभ्यास पण झालाय, २०१२ साली अमेरिकेतल्या ॲपलाचियन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सायकलपटूंना ७५ किलोमीटरची टाइम ट्रायल दोनदा करायला लावली, एकदा केळी देऊन आणि एकदा ६% कार्बचं स्पोर्ट्स ड्रिंक देऊन, आणि वेळेत काही फरक आला नाही. फक्त केळी खाल्लेल्यांना पोट जरा फुगल्यासारखं, भरल्यासारखं वाटलं. म्हणून मी नुसत्या केळ्यावर राईड काढायला सांगत नाही, दोन-तीन केळी आणि बाकी दुसरं. केळी आदल्या दिवशी कपिलतीर्थ मंडईतून घे, बझारपेक्षा स्वस्त आणि पाहिजे तेवढी पिकलेली निवडून मिळतात.

बेदाणे माझे सगळ्यात आवडते आहेत आणि लोक त्यांना का विसरतात कळत नाही. तासगाव आपल्यापासून किती जवळ, सांगलीच्या बेदाण्याला जीआय टॅग (त्या भागाचा खास माल म्हणून सरकारी नोंद) आहे, आणि आपण मात्र परदेशी च्यूज, म्हणजे चघळायच्या एनर्जी गोळ्या, मागवतो. १०० ग्रॅम बेदाण्यात ७५ ते ८० ग्रॅम कार्ब, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखं, वितळत नाही, चुरा होत नाही, एका हातानं खाता येतो. टॉप ट्यूबवरच्या, म्हणजे सायकलच्या वरच्या आडव्या दांड्यावरच्या, छोट्या बॅगेत नुसते मोकळे टाकायचे, बोटांनी आठ-दहा उचलायचे, तोंडात टाकायचे. ५० ग्रॅम एका राईडला पुष्कळ, शंभर ग्रॅम खाल्लेस तर फायबरमुळं पोट बोलायला लागेल. बिया असलेले खजूर पण तसेच चांगले, पण बी आदल्या रात्रीच काढून ठेव, चालत्या सायकलवर ते करत बसू नको.

चिक्कीचं जरा समजून घे. शेंगदाण्याची चिक्की म्हणजे निम्मे शेंगदाणेच, फॅट २५ च्या पुढं जातं, त्यामुळं ती संथ लांब राईडला थोडी थोडी ठीक, चढाच्या आधी नको. त्यापेक्षा राजगिऱ्याची वडी नाहीतर राजगिऱ्याचा लाडू घे, हलका, फॅट कमी, गूळ जास्त, आणि पटकन चावला जातो. चुरमुऱ्याचा लाडू तर अजून हलका, पण खिशात चेपतो.

आता गुळाचं सांगतो, कारण हे आपल्या घरचं आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ पासून जीआय टॅग आहे, शाहूपुरीपासून मार्केट यार्डापर्यंत गुळाचा एवढा मोठा व्यापार, आणि आपलीच पोरं सायकलवर निघताना गूळ घरात ठेवून जातात. १०० ग्रॅम गुळात ९० ग्रॅमच्या वर साखर असते. सुपारीएवढे खडे करून बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळायचे, प्रत्येक साधारण १० ग्रॅमचा, एक खडा म्हणजे नऊ-साडेनऊ ग्रॅम कार्ब. मोजायला एकदम सोपं, घरच्या वजनकाट्यावर एकदा करून बघ म्हणजे हाताला अंदाज बसतो. थंडीत हे मस्त चालतं. एप्रिल-मे मध्ये आणि पावसाळ्यात मात्र गूळ ओल धरतो, पाझरतो, कागदाला चिकटतो, त्या दिवसात खडे नको. आणि गूळ पिवळाधमक आहे का काळपट आहे ह्यानं राईडला काहीच फरक पडत नाही, उलट बिनकेमिकलचा काळपट असेल तर तोच घे.

खडे नको तर काकवी. ही गोष्ट मी प्रत्येक नवीन पोराला सांगतो, कारण जेल जेल म्हणतो ते दुसरं काय असतंय, घट्ट साखरेचा पाक पटकन गिळता येईल असा, आणि काकवी तेच आहे. त्यात पाण्याचा अंश तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, बाकी बहुतेक साखर, आणि त्यातली बरीचशी आधीच ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटलेली असते म्हणून ती लगेच खडी धरत नाही. ५० ग्रॅम काकवीत साधारण ३० ग्रॅम कार्ब धर. सीझनला, म्हणजे दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटली की एक लिटर आणून फ्रीजमध्ये ठेव, बाकी वर्षभर बझारमध्ये बाटलीत मिळतेच. लहान मुलांच्या औषधाची १०० मिलीची बाटली गरम पाण्यानं स्वच्छ धुऊन घे, किंवा ट्रॅव्हल किटमधली दाबायची बाटली, त्यात काकवी, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ, हलवून खिशात. लिंबू विसरू नको, त्याशिवाय पाचव्या घोटाला नको नको होतं. घोटभर काकवी घेतली की वर तीन-चार घोट साधं पाणी प्यायचंच, नाहीतर एवढा घट्ट पाक पोटात पाणी ओढून घेतो आणि पोट दुखतं.

आणि पिण्याच्या बाटलीतच निम्मं काम होऊ शकतं, हे तुझ्या यादीत अजिबात नव्हतं. ७५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, सपाट पाव चमचा मीठ, एक लिंबू. चहाच्या चमच्यानं साखर आठ-नऊ सपाट चमचे होते, पण एकदा वजन करून बघ, चमचे घरोघरी वेगळे असतात. हे साधारण सव्वापाच टक्क्याचं मिश्रण झालं, सहा ते आठ टक्क्यापर्यंत पोट सहसा कुरकुर करत नाही, त्याच्या वर गेलं की पाणी शोषायलाच वेळ लागतो, म्हणून गोड पाहिजे म्हणून साखर वाढवत बसू नको. ग्लुकोज पावडर घातलीस तरी चालेल पण ती साखरेपेक्षा महाग आणि त्यात फ्रुक्टोज नाही, सारखी तीच घेतलीस तर वर सांगितलेली एकच वाट भरून जाते. दोन बाटल्यांपैकी एकात हे सरबत, दुसऱ्यात साधं पाणी ठेव, बिस्किटाबरोबर प्यायला, तोंड खळखळून धुवायला, उन्हात डोक्यावर ओतायला. तोंड धुणं पण महत्त्वाचं आहे, पाच तास दातांवर साखर बसू देऊ नये. ४० ग्रॅम साखर आणि मिठाची एक पुडी आधीच बांधून ने, गगनबावड्यात एसटी स्टँडजवळ कुठंही पाणी भरून त्यात टाकता येते, लिंबू तिथं मिळतंच.

ओआरएसबद्दल गैरसमज खूप आहे म्हणून लिहितो. खरा डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचा ओआरएस एका लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज देतो, तो पाणी आणि क्षारासाठी आहे, ताकदीसाठी नाही. कडक उन्हात, घाम जास्त येणाऱ्याला चांगला, पण त्यावर सायकल चालणार नाही. आणि नावात ओआरएस असलेले जे गोड टेट्रापॅक मिळायचे ते तर ओआरएसच नव्हते, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, असल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायलाच बंदी घातली, ते बरं झालं. उलट्या बाजूनं नुसतं साधं पाणी भसाभसा पिणं पण धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि डोकं दुखणं, मळमळ सुरू होते, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं आणि अजून पितात. तहान लागेल तसं पी, तासाला अर्धा ते पाऊण लिटरच्या आसपास, ऊन आणि घाम बघून कमी-जास्त.

आता तुझ्या दीडशे रुपयांचा हिशोब लावू. तुझी राईड पाच तासाची धरली तर तासाला ४५ प्रमाणे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास कार्ब लागतं. सरबताच्या दोन बाटल्या ८० ग्रॅम, साखर, मीठ आणि दोन लिंबं धरून पंधरा रुपयांच्या आत. तीन केळी ७५ ग्रॅम, पंधरा-वीस रुपये. ५० ग्रॅम बेदाणे ३८-३९ ग्रॅम, पंचवीस रुपयांपर्यंत. एक पार्ले-जी, पस्तीसच्या आसपास, पाच रुपये. झाले की सव्वादोनशेच्या वर, आणि सत्तर रुपयांच्या आत. उरलेल्यात काकवीची छोटी बाटली राखीव म्हणून आणि वाटेत एक चहा नाहीतर उसाचा रस. भाव वरखाली होतात पण एका जेलच्या किमतीत हे सगळं बसतं एवढं नक्की.

पण हे सगळं खिशात असून पण लोक बंद पडतात आणि त्याचं कारण एकच, भूक लागायची वाट बघतात. सायकलवर भूक उशिरा लागते आणि ती लागली तोवर वेळ गेलेली असते, खाल्लेलं पायापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. म्हणून निघाल्यापासून अर्ध्या तासानं पहिला घास, बालिंगा मागं पडलं की सुरू कर समज, आणि मग दर २० मिनिटांनी काहीतरी, केळ्याचा अर्धा तुकडा, आठ-दहा बेदाणे, चार घोट सरबत. मोबाईलला नाहीतर सायकल कॉम्प्युटरला २० मिनिटांचा गजर लाव, पहिले काही महिने तरी लावच. चढ लागायच्या पंधरा मिनिटं आधी खायचं, चढावर फक्त प्यायचं. उतारावर दोन्ही हात हँडलला पाहिजेत, तिथं खिसे चाचपू नको. आणि गगनबावड्यात पोचल्यावर एकदम दोन प्लेट वडा आणि भजी हाणून निघू नको, ते पोटात बराच वेळ राहतं आणि पुढचा तास जड जातो, तिथं पार्ले-जी, चहा, अर्धं केळं एवढंच. कटवडा आणि मिसळ आपली जीव की प्राण आहे पण तेल आणि तिखट पाच तासाच्या मधोमध नको, घरी पोचल्यावर निवांत खा.

निघायच्या आधीचं पटकन सांगतो. आदल्या रात्री भात पोटभर, तेलकट तांबडा-पांढऱ्यावर आडवा हात मारू नको. सकाळी दोन तास आधी उठता आलं तर पोहे किंवा उप्पीट, पाचला निघायचं असेल आणि ते शक्य नसेल तर दोन केळी नाहीतर गूळ-चपातीचा रोल आणि चहा. उपाशी पोटी निघायचं आणि वजन कमी करायचं हे लांबच्या राईडला करू नको, त्यासाठी आठवड्यातल्या छोट्या राईड आहेत.

तरी पण परत तसं झालं तर, म्हणजे हात थरथरले, रस्ता नीट दिसेना झाला, तर चालवत राहू नको. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, तोल गेला तर अवघड. सावलीत बस, काकवी, ग्लुकोज, कोल्ड्रिंक, उसाचा रस, जे हाताला लागेल ते, ३०-४० ग्रॅम साखर पोटात जाऊ दे, पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण २६ ग्रॅम असते, त्यावर दोन बिस्किटं. पंधरा-वीस मिनिटं थांब, मग हलक्या गिअरवर निघ आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत थोडं खा, कारण ती पहिली साखर लवकर संपते. खाऊन पण अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, अंग तापलंय, घाम यायचा थांबलाय, बोलणं तुटक होतंय असं असेल तर तो भुकेचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे, तिथं सायकल सोडून गाडी बोलव आणि दवाखाना गाठ.

पुढं २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे असं शेवटी लिहिलंयस. त्याला साडेतेरा तास मिळतात, आणि तिथं सहा-सात तासांनी गोड बघवत नाही, हे जवळजवळ सगळ्यांना होतं. त्यासाठी उकडलेले छोटे बटाटे, मीठ आणि किंचित तिखट लावून, साल काढून पिशवीत. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयनं २०१९ मध्ये सायकलपटूंना बटाट्याचा लगदा आणि जेल दोन्ही देऊन बघितलं, कामगिरी सारखीच आली, पोट मात्र बटाट्यानं थोडं जास्त कुरकुरलं. मी बटाट्याबरोबर इडली पण नेतो, चटणीशिवाय. भडंग चवीला मूठभर ठीक, त्यात तेल असतं आणि हवेनं पिशवी भरते पण कार्ब फार जात नाही. एवढ्या लांब राईडला वेग कमी असतो म्हणून थोडे शेंगदाणे, थोडी चिक्की पण चालते, तुझे ते खारे शेंगदाणे तिथं घेऊन जा.

राईड संपल्यावर तासाभरात नीट जेव, त्यात थोडं प्रोटीन असू दे. रविवारी सकाळी लवकर परत आलास तर गंगावेशला दूध कट्ट्यावर थांबून एक मोठा ग्लास दूध प्यायचं, पाणी, साखर, प्रोटीन, क्षार सगळं त्यात आहे, मग घरी जाऊन भात-आमटी.

आता जेल अजिबात घ्यायचंच नाही का, तर तसं नाही. रेस असेल, श्वास लागलेला असताना चावता येत नसेल, किंवा घाटात पाऊस कोसळतोय आणि पिशवी उघडता येत नाही अशा वेळी जेलची सोय खरी आहे, एखादं राखीव ठेवायला हरकत नाही. पण जे काही न्यायचं ठरवशील ते आधी दोन-तीन नेहमीच्या राईडला खाऊन बघ, पन्हाळ्याला जाताना फार गरज नसली तरी काकवी आणि सरबत घे, म्हणजे पोट काय म्हणतंय ते वाघबीळच्या चढावरच कळेल. आणि पावसाळ्यात जाणार असशील तर बेदाणे, बिस्किट आणि साखरेची पुडी वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत, त्या पिशव्या परत एका मोठ्या पिशवीत, गगनबावड्याच्या पावसात साधी कॅरीबॅग टिकत नाही. वजन, वेग आणि बाटल्या किती मिलीच्या आहेत ते खाली लिही, तासाचं गणित तुझ्या आकड्यांवर बसवून देतो.